घराचा फोटो कोणी काढलाय?

आजचा भाग घराच्या फोटोंवर आहे. म्हणजे तेच फोटो, जे नवीन शहरात नोकरी लागली की आपण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने सरकवत बसतो. 'टू बीएचके, सेमी फर्निश्ड, भरपूर उजेड.' पहिला फोटो हॉलचा, दुसरा बेडरूमचा, तिसरा सोसायटीच्या गेटचा. बाथरूमचा फोटो बहुतेक वेळा नसतोच. आणि असल्या चार-पाच फोटोंच्या भरवशावर आपण टोकन पाठवायला तयार होतो. आयुष्यातला एवढा मोठा खर्च आणि त्याचा पहिला पुरावा काय, तर अनोळखी माणसाने काढलेला फोटो. ही सवय आली कुठून, ते आज बघू.

सुरुवात जरा लांबून करतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

जगातला सर्वात जुना टिकून राहिलेला फोटो साधारण १८२६-२७ सालचा. फ्रान्समधल्या ल ग्रा नावाच्या इस्टेटीवर निसेफोर निएप्स याने तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून घेतला. त्यात माणूस नाही, डोंगर नाही. आहेत ती घराची छपरं, भिंती आणि अंगण. म्हणजे फोटोग्राफीची सुरुवातच घरापासून झाली, म्हणा ना! या फोटोसाठी प्लेट किमान आठ तास उघडी ठेवावी लागली. पुढच्या काही अभ्यासकांच्या मते तर काही दिवस. तेवढ्यात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि फोटोत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. असा उजेड त्या अंगणात उभ्या राहिलेल्या कुठल्याच माणसाने एका वेळी पाहिलेला नसणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

दुसरा माणूस इंग्लंडचा, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने लॅकॉक ॲबी या स्वतःच्या राहत्या वाड्याच्या खिडकीचा फोटो घेतला. जगातली सर्वात जुनी उपलब्ध निगेटिव्ह ती हीच. आकाराने जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण टॅल्बटला भारी कौतुक वाटलं ते एका गोष्टीचं: भिंग घेऊन बघितलं तर खिडकीच्या जाळीतल्या काचा मोजता येत होत्या. साधारण दोनशे. स्वतःचं चित्र स्वतःच काढणारं हे पहिलं घर, असं त्याने नंतर अभिमानाने लिहून ठेवलं.

आता इथेच गोम आहे. घर स्वतःचं चित्र स्वतः काढत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी उघडायचा, हे टॅल्बटने ठरवलं. आणि घरमालक तोच होता.

वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापायची सोय व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने हाफटोन पद्धतीने एक फोटो छापला. रोजच्या पेपरातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानतात. विषय काय होता माहितीये? न्यूयॉर्कमधल्या झोपड्या. म्हणजे पेपरात घराचा फोटो आला तो विकायला म्हणून आलाच नाही. १८९० मध्ये जेकब रीस या पत्रकाराने फ्लॅशची पूड पेटवून तिथल्या चाळींसारख्या दाटीवाटीच्या इमारतींच्या अंधाऱ्या खोल्या पुस्तकातून लोकांना दाखवल्या. त्या खोल्यांच्या मालकांनी असे फोटो कधी काढले असते का? विचार करा. खोली तीच, कॅमेरा तोच, पण धरणारा हात वेगळा.

घर विकणारे मात्र कितीतरी वर्षं शब्दांवरच जगले. आपल्याकडच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती आठवा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा. पैसे शब्दांवर किंवा ओळींवर मोजायचे, त्यामुळे एकेक शब्द आवळून बसवलेला. 'स्टेशनपासून पाच मिनिटं.' कोणाची पाच मिनिटं, ते विचारायचं नाही. 'हवेशीर.' 'स्वतंत्र संडास' - कारण चाळीत राहणाऱ्याला त्या दोन शब्दांत सगळं स्वप्न कळायचं. फोटो नव्हता म्हणून फसवणूक कमी होती असं मात्र नाही. १९७७ सालचा भीमसेन यांचा 'घरौंदा' बघा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांचं जोडपं मुंबईत फ्लॅटसाठी पै-पै साठवतं आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. त्यांच्याकडे कसलेच फोटो नव्हते, होता तो इमारतीवरचा भरवसा.

अमेरिकेत एजंट लोकांची जाडजूड छापील पुस्तकं असायची. प्रत्येक घराचा एक छोटा काळापांढरा फोटो, तोही बाहेरून, आणि खाली माहिती. पुस्तक एजंटच्या हातात; गिऱ्हाइकाने टेबलाच्या पलीकडून डोकवायचं. आत काय आहे, ते प्रत्यक्ष गेल्यावरच कळणार.

घराचा फोटो म्हणजे स्वप्न, हे समीकरण घट्ट करणाऱ्यांत एक नाव घ्यायलाच हवं. ज्युलियस शुलमन. मे १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या 'केस स्टडी हाउस क्रमांक २२'चा त्याने काढलेला फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. काचेची दिवाणखान्याची खोली कड्यावर तरंगतेय, आत दोन तरुणी गप्पा मारत बसल्यात आणि खाली अख्ख्या शहराचे दिवे. आर्किटेक्ट पिअर कोनिग. पण त्या तरुणी तिथे राहणाऱ्या नव्हत्याच, फोटोसाठी बसवलेल्या. घराचं काम पुरतं संपलेलंही नव्हतं. शहराचे दिवे उमटावेत म्हणून काही मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला आणि मग फ्लॅश मारून आतल्या दोघी पकडल्या. निएप्सच्या अंगणातलं दोन्हीकडचं ऊन आठवलं ना? तेच, फक्त आता मुद्दाम. माझ्या मते फोटो अप्रतिम आहे. आणि आजच्या प्रत्येक 'लक्झरी लिव्हिंग' जाहिरातीचा तो आजोबा आहे.

इंटरनेट आलं आणि टेबलाच्या पलीकडचं पुस्तक उघडं पडलं. आपल्याकडे २००५ मध्ये '९९ एकर्स', २००६ मध्ये 'मॅजिकब्रिक्स'. जाहिरात टाकणं सोपं झालं आणि लगेच एक नवीन रोग आला: एकच फोटो दहा ठिकाणी. अंधेरीच्या फ्लॅटला जो हॉल, तोच मालाडच्या फ्लॅटला. कधीच भाड्याने गेलेलं घर महिनोन्‌महिने साइटवर झळकतंय, कारण फोन आला की दलालाला म्हणता येतं, 'ते गेलं हो, पण दुसरं दाखवतो.' तो फोटो गळाला लावलेलं आमिष होता.

यावर दोन ठिकाणी जवळजवळ एकच उपाय निघाला.

पहिलं न्यूयॉर्क, २००९. एअरबीएनबी तेव्हा अगदी मरणपंथाला लागलेली छोटी कंपनी. संस्थापक सांगतात त्याप्रमाणे आठवड्याची कमाई साधारण २०० डॉलरवर अडकलेली. वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहमसोबत बसून त्यांनी न्यूयॉर्कची घरं पाहिली तेव्हा लक्षात आलं, की सगळे फोटो मोबाइलने काढलेले, अंधारे, वाकडे. मग ते स्वतः तिथे गेले, चांगला कॅमेरा भाड्याने घेतला आणि दारोदार जाऊन फोटो काढले. त्यांच्याच सांगण्यानुसार कमाई दुप्पट झाली, २०० ची ४००. आकडा हसण्यासारखा आहे, पण २०१० पासून कंपनीने यजमानांच्या घरी फुकट फोटोग्राफर पाठवायला सुरुवात केली. आता ही गोष्ट स्टार्टअपवाले 'चांगल्या फोटोची जादू' म्हणून सांगतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. फोटोग्राफर घरी जाऊन आला, म्हणजे ते घर त्या पत्त्यावर खरंच आहे, हे कोणीतरी तिसऱ्याने पाहिलं.

दुसरं ठिकाण आपलं पवई. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या १२ मुलांनी 'हाउसिंग डॉट कॉम' काढली, कारण त्यांना स्वतःलाच मुंबईत घर शोधताना नाकी नऊ आले होते. त्यांची युक्ती साधी आणि महाग: दलालाचा फोटो घ्यायचाच नाही. आपला माणूस कॅमेरा घेऊन त्या घरी जाणार, फोटो काढणार, नकाशावर जागा पक्की करणार, मगच घर साइटवर. २०१४ च्या अखेरीस सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने त्यात ९ कोटी डॉलर ओतले गेले. नंतर कंपनीत काय रामायण घडलं ते तुम्ही कुठेही वाचू शकता, आपल्याला त्यात शिरायचं नाही. हिशोब मात्र समजून घ्या. प्रत्येक घरी माणूस पाठवायचा तर त्याचा पगार, प्रवास, लिफ्ट बंद असेल तर सहा मजले. मालकाने स्वतः फोटो टाकला तर खर्च शून्य. म्हणून बाजार परत परत मालकाच्या आणि दलालाच्या मोबाइलकडेच घसरतो.

बरं, मोबाइल खोटं बोलतो का? थेट नाही बोलत, पण लेन्सची स्वतःची भाषा असते. तुमच्या फोनमध्ये ०.५ लिहिलेली वाइड लेन्स आहे, ती लावून खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा. जवळचा सोफा लांबलचक होतो, समोरची भिंत दूर पळते आणि ११० फुटांची खोली क्रिकेटचं मैदान वाटते. व्यावसायिक फोटोग्राफर हेच जरा सभ्यपणे करतो: कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ, सगळे दिवे चालू. शिवाय तो एकाच जागेवरून एक फोटो गडद, एक मध्यम, एक उजळ असे घेतो आणि जोडतो. त्यामुळे खिडकीबाहेरचं आकाशही निळं दिसतं आणि पलंगाखालची सावलीही उजळते. प्रत्यक्ष खोलीत तुमच्या डोळ्याला या दोन्ही गोष्टी एकदम अशा दिसणार नाहीत. पुन्हा तेच, निएप्सचं अंगण.

यावर उतारा टॅल्बटने देऊन ठेवलाय. मोजा! आपल्याकडच्या नव्या इमारतींत बऱ्याचदा दोन बाय दोन फुटांच्या फरशा असतात. फोटोतल्या फरशा एका बाजूने मोजा, मग दुसऱ्या बाजूने. पाच आणि सहा निघाल्या तर खोली १० बाय १२, मग ती कितीही ऐसपैस दिसो. लेन्स फरशीला ताणेल, पण पाचाच्या सात करणं तिला जमत नाही. फरशी वेगळ्या मापाची वाटली तर शेजारचा दरवाजा बघा, त्याची रुंदी साधारण अडीच-तीन फूट धरा.

फोटोत घरासोबत माणूसही येतो, हेही सांगायला हवं. हार्वर्डच्या बेंजामिन एडलमन आणि मायकेल लुका यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एअरबीएनबी घरांचा अभ्यास केला. जागा, सोयी, दर्जा सारखा धरला तरी कृष्णवर्णीय नसलेल्या यजमानांना साधारण १२ टक्के जास्त भाडं मिळत होतं. कारण घरासोबत यजमानाचा चेहराही दिसायचा. पुढे २०१८ मध्ये कंपनीने ठरवलं, की पाहुण्याचा फोटो यजमानाला बुकिंग मान्य केल्यावरच दिसेल. आपल्याकडे चेहऱ्यापर्यंत जावंच लागत नाही. फोनवर आडनाव विचारलं जातं, 'नॉनव्हेज खाता का?' विचारलं जातं, आणि चकचकीत फोटोतलं घर अचानक 'गेलेलं' असतं. हे भोगलेली माणसं तुमच्या आसपासही असतील.

कायदा कुठे पोचलाय? २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं, की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या चित्रावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. त्या ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. स्कॅन करा, प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर. चांगलंय. पण हे सगळं नव्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. तुम्ही-आम्ही भाड्याची खोली शोधतो तेव्हा रेरा तिथे नसतो.

आणि आता एआय. रिकाम्या खोलीत सोफा टाकणं, भिंतीवरची ओल पुसणं, समोरची टाकी काढून तिथे झाड उभं करणं, एका बटणाचं काम. हा प्रकार फरशाही बदलू शकतो, म्हणजे आपला टॅल्बटचा उपायही धोक्यात. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला, १ जानेवारी २०२६ पासून लागू: फोटो डिजिटली बदलला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटो बघायची सोय द्यायची.

आपल्याकडे तोवर काय? टोकन मागितलं, की आधी व्हिडिओ कॉल मागा. थेट, आधी रेकॉर्ड केलेला नाही. म्हणावं, 'काका, दारावरची पाटी दाखवा, मग न थांबता आत या.' किचनचा नळ उघडायला सांगा. खिडकीतून खाली कॅमेरा वळवायला सांगा. वरचा मजला असेल तर छताचे कोपरे बघा, डिसेंबरात रंगवलेल्या भिंतीची ओल जुलैत कळते. फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून बघा, दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत तोच हॉल सापडला तर पुढे बोलूच नका. त्या भागात मित्र असेल तर त्याला चहा पाजून पाठवा, आणि बाथरूमचा फोटो त्यालाच काढायला सांगा.