एसीचे तारे मोजताय? आधी साल बघा!

उन्हाळ्यात बातमीसाठी बाजारात फिरतो तेव्हा बघतो, लोक एसीवरचे तारे मोजतात, लेबलवरचं साल कुणी बघत नाही. खरी गोम तिथंच आहे मंडळी.

केंद्राची स्टार योजना आली २००६ साली. एसीला लेबल सक्तीचं झालं २०१० मध्ये, इन्व्हर्टर एसीला २०१८ मध्ये. निकष मधूनमधून कडक होत गेले. १ जुलै २०२२ ला तर आदल्या दिवशीचा फाइव्ह स्टार फोर स्टार झाला. मशीन तेच, वीजही तेवढीच!

म्हणून सेलमधला जुना माल घेताना ताऱ्यांवर भुलू नका. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, १६०० तास वापर धरून. दोन एसींचे तेच आकडे शेजारी ठेवा. हप्ते फिटतील, बिल मात्र दर महिन्याला येणारच.