खुशालीचा इतिहास : पेण, रोहे आणि निवृत्तीनंतरची मैत्री

आज बोलणारा एकटा असला तरी हे टिपण आम्ही सात-आठ जणांनी मिळून केलंय, म्हणून बोलताना 'आम्ही' येईल. आमच्यात कुणी शाळेत शिकवलं, कुणी एसटीत नोकरी केली, कुणी पोस्टात, कुणी रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत पाळ्या केल्या. आता सगळे निवृत्त. निम्मे पेणला, निम्मे रोह्याला. मधे चाळीसेक किलोमीटरचं अंतर, वडखळ, नागोठणं आणि भिसे खिंड.

विषय तसा साधा आहे. नोकरी संपल्यावर मित्र एकमेकांना रोजच्या बारीकसारीक बातम्या का कळवतात, आणि या कळवण्याला काही इतिहास आहे का? आम्हाला वाटतं, आहे.

सुरुवात जुन्या मराठी पत्रापासून करू. पेशवाईतलं कुठलंही पत्र काढा. राजकारण काहीही असो, आरंभी मायना, आणि मग ठरलेलं वाक्य : येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा'. आपण शाळेत हे सगळं 'पत्रलेखनाचे नमुने' म्हणून घोकलं आणि विसरलो. पण त्या वाक्यात दोन कामं आहेत बघा. एक, मी ठीक आहे हे सांगणं. दुसरं, तू ठीक आहेस का हे विचारणं, आणि तेही एकदा नाही, 'लिहीत जावे', म्हणजे चालू ठेवावे. जासूद चिखल तुडवत, नद्या ओलांडत जायचा, त्याच्या थैलीत मोहिमेच्या बातमीबरोबर ही खुशालीही जायची.

सामान्य माणसाला ही चैन परवडायला लागली ती १८५४ नंतर. तोपर्यंत टपालाचा दर अंतरावर ठरायचा. १८५४ मध्ये देशभर एकच दर झाला : पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पेणहून मुंबईला जावो की पेशावरला. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, किंमत एक पैसा, म्हणजे पाव आणा. १८८० पासून पोस्टातून मनीऑर्डर जाऊ लागली. आता तुम्ही म्हणाल, मनीऑर्डरचा आणि खुशालीचा काय संबंध? कोकणातल्या माणसाला विचारा. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पैसे पाठवायचा आणि फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायचा. पैसे पोस्टमन मोजून द्यायचा, ते खर्च होऊन जायचे. चिठोरं मात्र देव्हाऱ्याच्या मागे नाहीतर तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेलं असायचं.

आपल्या भागात हे टपाल यायचं कसं? मुंबईहून बोटीनं धरमतरपर्यंत, तिथून पुढे जमिनीवरून पेण आणि खाली. रेल्वे पेणमार्गे रोह्यापर्यंत पोचली ती थेट १९८० च्या दशकात. तेव्हा हा जिल्हा नुकताच, १ जानेवारी १९८१ ला, कुलाब्याचा रायगड झाला होता. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांचं तरुणपण पोस्टकार्डावर गेलं. कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू म्हणजे लग्नकार्य. कोपरा फाडलेला म्हणजे वाचायच्या आधीच कळायचं. आणि तार आली की मजकूर न बघताच घरातल्या बायका रडायला लागायच्या, मग कुणीतरी वाचून सांगायचं की मुलगा पास झालाय. (हशा) ती तारही १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

आता पेण तालुक्यातली एक गोष्ट. गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. जन्म १८९५ चा. वडील बडोद्याला नोकरीत. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले आणि मधेच गाडी सोडून काशीला गेले. तिथून जूनमध्ये अहमदाबादला, गांधीजींच्या कोचरब आश्रमात. मुलानं घरी काहीच कळवलेलं नाही हे समजल्यावर गांधीजींनी स्वतः वडिलांना पत्र लिहून मुलगा आपल्याजवळ असल्याचं कळवलं. मुलगा ब्रह्माच्या शोधात होता. पण घरी एक पत्र गेलं पाहिजे, हे गांधीजींनी त्या शोधाइतकंच महत्त्वाचं मानलं. ही गोष्ट निवृत्तांची नाही, मान्य. पण खुशाली न कळवणं म्हणजे मागे राहिलेल्याला टांगणीला लावणं, हे ती नेमकं दाखवते.

निवृत्तांची गोष्ट हवी असेल तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि सर जदुनाथ सरकार यांच्याकडे जावं लागतं. एक कोकणातला, एक बंगाली. १९०४ च्या सुमारास पत्रांतून ओळख झाली, निमित्त मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचं. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि कामशेतला राहिले. जदुनाथ पुढच्या वर्षी सरकारी शिक्षणखात्यातून निवृत्त झाले. खरं काम दोघांनी त्यानंतर केलं. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनी १९३० च्या दशकात संपादित केले, तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढे होतं.

आम्हाला इथे त्यांच्या ग्रंथांपेक्षा त्यांची पत्रं महत्त्वाची वाटतात. मैत्री पन्नास वर्षांहून जास्त टिकली. दोघं एकमेकांपासून हजारो मैलांवर नसली तरी शेकडो कोसांवर राहिली. पत्रांत कागदपत्रांची, तारखांची चर्चा आहेच, पण प्रवासाचे बेत आहेत, तब्येती आहेत, घरची दुःखं आहेत. सरदेसायांचा मुलगा श्यामकांत तरुणपणी गेला, त्याची पत्रं बापानं पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. जदुनाथांचा मुलगा १९४७ च्या कलकत्त्याच्या दंगलीत मारला गेला. असल्या दुःखावर मित्र काय उत्तर देणार? काहीच नाही. पण पुढचं पत्र जातं, त्यात पुन्हा कुठल्या तरी बखरीची तारीख असते, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला ती तारीख तपासायला उठावं लागतं. जदुनाथ १९५८ मध्ये गेले, सरदेसाई १९५९ मध्ये.

आता तिथून एकदम २०२० मध्ये येऊ. ३ जून, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. करोनाची टाळेबंदी आधीच चालू होती. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोहे, सगळीकडे झाडं आडवी, विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर बंद. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती आणि किती तरी गावांत पुजायला वड उभा राहिला नव्हता. पेणला आमच्याकडेही नुकसान झालं, पण दोन-तीन दिवसांत फोन लागायला लागले. रोह्याच्या आमच्या मित्राचा लागेना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आमच्या पिढीनं १९८९ च्या जुलैत अंबा नदीनं जांभूळपाड्याचं काय केलं ते ऐकलेलं, काहींनी पाहिलेलं. त्यामुळे मनात नको ते येत होतं.

पाचव्या दिवशी भाजीच्या टेम्पोवाल्यानं एक चिठ्ठी आणून दिली. वहीचं पान. आमच्या मित्राचंच अक्षर. मागच्या पडवीचे पत्रे उडाले. हापूसचं झाड विहिरीवर पडलं, विहीर वाचली. शेजारच्यांकडे गॅस आहे, आमच्याकडे चूल, त्यामुळे दोन्ही घरं एकत्र जेवतो. रेडिओला सेल मिळत नाहीत. हिच्या गोळ्या परवापर्यंत पुरतील. तुमच्याकडे आंबा राहिला का? लोभ असावा.

आम्ही चिठ्ठी दोनदा वाचली आणि हुश्श केलं. तिसऱ्यांदा वाचताना आमच्यातल्या एकानं बोट ठेवलं : 'गोळ्या परवापर्यंत.' पत्रे आणि रेडिओ यांच्या ओळीत ते वाक्य बसवून टाकलेलं. मागणं नाही, विनंती नाही. आणि चिठ्ठी निघून एक दिवस झाला होता. त्याच टेम्पोवाल्याबरोबर दुसऱ्या सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या.

मंडळी, आमचं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. आमच्या वयाची माणसं मदत मागत नाहीत. आयुष्यभर दिलेली असते, त्यामुळे मागायची जीभ वळत नाही. ती बातमी सांगतात. आंबा, पत्रे, एसटीची वेळ, गणपतीच्या कारखान्यात यंदा रंगकाम लवकर सुरू झालं, धावीर महाराजांच्या पालखीला किती गर्दी होती. या सगळ्यात कुठेतरी खरी बातमी असते, आणि ती ओळखायला आधीच्या शंभर फुटकळ बातम्या ऐकलेल्या असाव्या लागतात.

आता दुसरी बाजू, आणि ही सांगताना आम्हाला लाज वाटते. आमच्या ग्रुपमध्ये पेणचा एक मित्र होता. तो रोज सकाळी सहाला फुलाचं चित्र आणि सुप्रभात पाठवायचा. आम्ही हात जोडल्याचं चिन्ह टाकायचो. दोन वर्षांपूर्वी तो अकरा दिवस पनवेलला इस्पितळात होता आणि आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. का? कारण चित्रं येत होती. पलंगावर पडून तो ती पुढे ढकलत होता आणि आम्ही हात जोडत होतो. घर अर्ध्या मैलावर. तो बरा होऊन आला, पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्याचा फोन चाळताना आम्ही शोधलं, शेवटच्या वर्षात त्यानं स्वतःच्या शब्दांत काय लिहिलं होतं. दोनच वाक्यं सापडली. एक होतं, 'हल्ली जिना जड जातो.' त्याच्याखाली आमचे सहा जोडलेले हात.

दोष यंत्राचा नाही. पोस्टकार्डावरही लोक छापील मजकूर पाठवायचेच. वाईट एवढंच झालं की पाठवणं फुकट आणि सोपं झालं, तसं आम्ही वाचायचं सोडलं. एका पैशाच्या कार्डावर जागा कमी, म्हणून माणूस विचार करून लिहायचा आणि घेणारा चार वेळा वाचायचा.

निवृत्तांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर ऑनलाइनही देता येतो. सोय झाली, चांगलंच झालं. पण पूर्वी बँकेच्या रांगेत कोण आलं, कोण नाही आलं हे दिसायचं, आणि न आलेल्याच्या घरी संध्याकाळी कुणीतरी जायचं. सरकारला वर्षातून एकदा कळलं की पुरतं. मित्राला तेवढ्यानं भागत नाही.

म्हणून त्या मित्राच्या तेराव्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. ग्रुपवर रोज एक तरी वाक्य स्वतःचं लिहायचं, अगदी 'आज वालाची उसळ' एवढंच असलं तरी चालेल. आणि दुसऱ्याच्या वाक्याला प्रश्नानं उत्तर द्यायचं, चिन्हानं नाही. जिना जड जातो म्हणालास, कधीपासून? याशिवाय महिन्यातून एकदा आळीपाळीनं पेणकर रोह्याला, रोहेकर पेणला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट, तेव्हा पैशाची सबब चालत नाही. जाताना पेणचे पापड न्यायचे, येताना रोह्याचे ताजे पोहे आणायचे.

नियम नेहमी पाळले जातात असं नाही. फुलांची चित्रं अजूनही येतात. पण परवाच रोह्याहून एकानं लिहिलं की कुंडलिकेच्या काठावर फिरायला जाणं बंद केलंय. पाच मिनिटांत चार जणांनी विचारलं, का? गुडघा निघाला. पुढच्या गुरुवारी आमच्यातला एक जण त्याला डॉक्टरकडे घेऊन जातोय.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडे जुनी कार्डं, मनीऑर्डरची चिठोरी असतील तर फेकू नका, आम्हाला दाखवा. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. लोभ असावा.