चित्रांचं पुस्तक आणि आईचा आवाज



गटाच्या बैठकीत मुलांना पुस्तक वाचून दाखवायचा विषय निघाला, की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मला कुठं वाचता येतंय, मी काय वाचून दाखवणार?" म्हणून आज आपण थोडा इतिहास पाहू.

सुरुवात आपल्या सिंधुदुर्गातून करू. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गात-बोलत कथा पुढं न्यायची. चित्रांच्या अशा संचाला ते पोथी म्हणतात. ऐकणाऱ्याला अक्षरओळख लागत नव्हती. डोळे चित्रावर आणि कान आवाजावर असले की झालं. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली.

आता युरोपात जाऊ. तिथं १६५८ साली कोमेनियस नावाच्या शिक्षकानं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. ते मूळचे आजच्या चेक देशातले. युद्धामुळं त्यांना मुलूख सोडावा लागला होता. त्या काळी मुलांना न समजणारी लॅटिन भाषा घोकावी लागे. कोमेनियस यांनी शेती, विणकाम, पाव भाजणं अशा रोजच्या कामांची चित्रं दिली. चित्रातल्या वस्तूला आकडा, आणि तोच आकडा खाली तिच्या नावाला. आधी वस्तू डोळ्यांना दिसावी, मग शब्द यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. हे पुस्तक पुढं अनेक देशांत वापरलं गेलं.

पण पुस्तक दाखवायचं कसं? याचा शोध अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईवडील त्यांनी निवडले. काहींना सांगितलं, नेहमीसारखं वाचा. बाकीच्यांना सांगितलं, मुलाला विचारा, "हे काय करतंय? पुढं काय होईल?" मूल बोललं की त्याचं वाक्य थोडं वाढवून परत म्हणा. मूल म्हणालं "कुत्रा", की आपण म्हणायचं, "हो, काळा कुत्रा पळतोय."

हे महिनाभर चाललं. नंतर बोलण्याच्या एका चाचणीत प्रश्न विचारलेली मुलं बाकीच्यांपेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढं होती. नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही ती पुढंच होती. या शोधात मुलं तीसच होती आणि ती खात्यापित्या घरची होती. पण पुढं मेक्सिकोतल्या पाळणाघरात, गरीब घरच्या मुलांवर हीच पद्धत वापरली, तेव्हा त्यांचंही बोलणं सुधारलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली ३०० कुटुंबांना तान्ह्या बाळांसाठी पुस्तकं दिली गेली. त्यातली काही मुलं शाळेत गेल्यावर पाहिली, तर ती भाषेतच नव्हे, गणितातही पुढं होती.

मैत्रिणींनो, यातलं मर्म लक्षात घ्या. व्हाइटहर्स्ट यांच्या शोधात दोन्हीकडचे आईवडील पुस्तक वाचतच होते. फरक पडला तो विचारण्यानं आणि मुलाला बोलू देण्यानं. चित्रावर बोट ठेवून "हे काय?" असं विचारायला अक्षर लागत नाही. निरक्षर आईही ते करू शकते, आजीही करू शकते. आणि ते आपल्या बोलीत करावं, म्हणजे मूल मोकळेपणानं उत्तर देतं.

आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला काम केलं, ते याच विश्वासानं. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी तिथूनच आली.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं दोन-चार चित्रांची पुस्तकं घ्यावीत आणि ती घरोघर फिरवावीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मोबाइलवरही मराठी पुस्तकं फुकट मिळतात. कर्जाची नोंद ठेवतो, तशी पुस्तक कुणाकडं आहे याची नोंद ठेवावी. रोज दहा मिनिटं, चूल आवरल्यावर, मूल मांडीवर घेऊन बसावं. ज्या ताई म्हणतात "मला वाचता येत नाही", त्यांच्या घरी पहिलं पुस्तक जाऊ द्या.