पाळणा आणि प्रश्नोत्तरी

तान्ह्या मुलाला निजवावे कसे, हे शहाणपण अमेरिकेतही पूर्वी वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ग्रंथात गेले. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये बालसंगोपनाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची रचना धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरीसारखी होती आणि तीत शंकेला जागा नव्हती. झोके देऊन निजवणे ही त्यांनी निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक सवय ठरविली. १९२८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी निजतेवेळी कपाळावर एका चुंबनापलीकडे माया दाखवू नये, असे बजावले.

१९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांनी हा सूर पालटला. मातेने स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावा, असे त्यांचे सांगणे होते. आज्ञेची जागा आश्वासनाने घेतली.

परंतु सौम्य सूर म्हणजे निर्दोष ज्ञान नव्हे. ओकारीने मूल गुदमरेल, या भीतीने स्पॉक यांच्याच पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांनी त्याला पालथे निजविण्याचा सल्ला दिला. कालांतराने पालथी निद्रा आणि अर्भकांचे आकस्मिक मृत्यू यांचा संबंध उघड झाला. १९९२ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने पालथे निजविण्याविरुद्ध मत दिले. १९९४ पासून उताणे निजविण्याचा देशव्यापी प्रचार झाला आणि दशकभरात तेथील असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

होल्ट यांच्या दरडावणीपेक्षा स्पॉक यांचा स्नेह मातांना अधिक जवळचा वाटला, आणि म्हणूनच त्या स्नेहातून आलेली चूक अधिक घरांत पोचली. उपदेशाची भाषा विश्वास मिळविते; तो विश्वास सार्थ होता की नाही, हे मात्र पाळण्यातल्या मुलांची मोजदाद झाल्यावरच कळले.