चार आण्यांचा सभासद

परवा लंचला राजकारणाचा विषय निघाला. आमच्या टेबलावर तसे दोनच विषय चालतात, अप्रेझल आणि राजकारण, आणि दोन्हींचा शेवट "आपल्या हातात काय आहे, वरचे ठरवतात" इथेच होतो. तर नेहमीप्रमाणे तिकिटं कोणाला मिळतात, कशी मिळतात वगैरे चालू असताना एक मित्र शांतपणे डबा बंद करत म्हणाला, "मी तर पक्षाचा अधिकृत सदस्य आहे राव."

आम्ही सगळे गप्प. हा माणूस टीम आउटिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप पोलवरसुद्धा मत देत नाही!

मग कळलं की २०१५ साली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना, होस्टेलवर सगळ्यांनी मिळून भाजपच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला होता. त्या मोहिमेनंतर पक्षाने दहा कोटींहून जास्त सदस्य झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या दहा कोटींत आमचा हा मित्र. मी विचारलं, "तुझ्या वॉर्डाच्या समितीचा अध्यक्ष कोण?" माहीत नाही. "त्याला निवडलं कोणी?" माहीत नाही. "तुला कधी मत द्यायला बोलावलं?" तो हसला. "मेसेज येतात ना. वाढदिवसाला पण आला होता."

सगळे हसलो आणि कामाला लागलो. पण गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न खरा आहे. सदस्य म्हणजे नक्की कोण? आपल्या धंद्यात ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुम्ही कोण ते सिस्टिमला कळलं म्हणजे तुम्हाला काही करता येतं असं नाही. लॉगिन होतं, पण सगळी बटणं ग्रे. पक्षाच्या सदस्याचंही तसंच असतं का? आणि पहिल्यापासून तसंच होतं का? शनिवार-रविवार यातच गेला. शोधता शोधता पोचलो आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या पक्षाच्या घटनेपाशी, म्हणजे काँग्रेसच्या. आणि खरं सांगतो, एवढा रंजक चेंजलॉग मी आजवर वाचला नव्हता.

पहिली गंमत म्हणजे १८८५ साली काँग्रेस सुरू झाली तेव्हा तिला आजच्या अर्थाने सदस्यच नव्हते. होते ते फक्त प्रतिनिधी. दर डिसेंबरात अधिवेशन भरायचं, त्याआधी गावोगावच्या सभा-संस्था प्रतिनिधी निवडायच्या. कोणती सभा चालेल, किती माणसं पाठवायची, याला धड नियम नव्हता. वकील, डॉक्टर, संपादक अशी आपसातली मंडळी होती तोवर हे निभावलं. पण मवाळ आणि जहाल असा वाद पेटल्यावर अधिवेशन कुठे भरतं यालाच महत्त्व आलं, कारण जिथे भरेल तिथली माणसं जास्त. १९०७ चं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, पण तिथे टिळकांच्या बाजूचा जोर होता. मवाळांनी ते सुरतेला हलवलं. पुढे काय झालं ते आपण शाळेत वाचलंय. भर मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, काँग्रेस फुटली.

शाळेच्या पुस्तकात धडा इथे संपतो. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण मवाळांनी पुढे जे केलं ते जोड्यापेक्षा जास्त परिणामकारक होतं. त्यांनी नियम लिहिले. १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना तयार झाली. त्यात दोन अटी होत्या. एक, साम्राज्यांतर्गत स्वराज्य आणि तेही सनदशीर मार्गाने, हे ध्येय लेखी मान्य करायचं. दोन, प्रतिनिधी निवडायचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त संस्थांना. आता मान्यता देणार कोण? तर जे आत आहेत ते. म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क एका गटाकडे आणि दुसऱ्या गटाचं अकाउंट लॉक. टिळकांना हाकलल्याचा ठराव कुठेही नाही. तशी गरजच पडली नाही.

टिळक १९१४ साली मंडालेहून सुटून आले तरी काँग्रेसचं दार बंदच होतं. ते उघडलं १९१५ च्या मुंबई अधिवेशनात. गोखले फेब्रुवारीत गेले होते, फिरोजशहा मेहता नोव्हेंबरात. डिसेंबरात नियम बदलला : सनदशीर स्वराज्याचं ध्येय मानणारी आणि किमान दोन वर्षं जुनी कुठलीही संस्था सभा बोलावून प्रतिनिधी निवडू शकेल. एवढ्या एका दुरुस्तीवर १९१६ ला लखनौच्या मंडपात टिळक सन्मानाने परतले. आठ वर्षांचा वनवास, आणि किल्ली एका कलमात.

मग आले गांधी. घटना नव्याने लिहायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी दोन माणसं मागून घेतली, एक टिळकांच्या विश्वासातला आणि एक चित्तरंजन दासांच्या. टिळकांकडून आले न. चिं. केळकर. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला ही घटना मंजूर झाली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : जो एकवीस वर्षांचा आहे, ध्येय आणि मार्ग लेखी मान्य करतो आणि वर्षाला चार आणे देतो, तो सभासद.

चार आणे म्हणजे पाव रुपया. पदवी नको, मालमत्ता नको, इंग्रजी नको, पुरुष असायची अट नको. त्या काळी सरकारी निवडणुकीत मत द्यायला मालमत्तेची किंवा कर भरण्याची अट होती, म्हणून बहुसंख्य लोकांना मतच नव्हतं, हे लक्षात घेतलं की चार आण्यांचं मोल कळतं. ज्याला सरकार नागरिक म्हणून मोजत नव्हतं त्याला पक्ष मोजत होता. शिवाय पावती घेऊन घरी बसायचं नव्हतं. गाव-तालुका, जिल्हा, प्रांत आणि सगळ्यात वर अखिल भारतीय समिती, अशी उतरंड बांधली. प्रांत भाषेवर पाडले. आपल्याकडे पुण्याला महाराष्ट्र, नागपूरला मध्य प्रांताचा मराठी भाग, अमरावतीला वऱ्हाड आणि मुंबई शहर वेगळं. पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी ठरला, म्हणजे अधिवेशन ज्याच्या गावात त्याची गर्दी, हा जुना बग फिक्स झाला. १९२१ ला बेझवाड्याला टार्गेट ठरलं : एक कोटी सभासद, टिळक स्वराज्य फंडाला एक कोटी रुपये, वीस लाख चरखे. रुपये जमले. सभासद अर्ध्यावर, पन्नास लाखांच्या आसपास थांबले. तरी पन्नास लाख!

इथे कोणीही म्हणेल, झालं, उत्तम डिझाइन, आता हात लावू नका. पण चार आणे दिलेल्या माणसाने पुढे काहीच केलं नाही तर? हा प्रश्न गांधींना सतावत होता. मिस्ड कॉलचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे तो असा :)

त्यावर १९२४ साली त्यांनी काढलेलं उत्तर वाचून मी चाटच पडलो. वर्गणी पैशात नको, सुतात द्या. जूनमध्ये अहमदाबादला त्यांचा ठराव असा होता की समित्यांच्या पदाधिकाऱ्यांनी दरमहा दोन हजार वार सूत कातून द्यावं, नाही दिलं तर पद गेलं. स्वराज पक्षाची मंडळी उठून बाहेर गेली. शिक्षेचं कलम तरीही ६७ विरुद्ध ३७ असं मंजूर झालं, पण सभात्याग केलेल्यांची मतं धरली तर हा विजय खरा नाही म्हणून ते कलम गांधींनी स्वतःच मागे घेतलं. जिंकल्यावर रोलबॅक! डिसेंबरात बेळगावला ते अध्यक्ष होते. तिथे तडजोड झाली आणि सुताची अट थेट सभासदत्वालाच लागली. दरमहा दोन हजार वार, स्वतः कातलेलं. आजारी असाल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेलं तेवढंच द्या.

हिशोब करून बघा. वर्षाला चोवीस हजार वार म्हणजे जवळजवळ बावीस किलोमीटर सूत. माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत, वर आणखी थोडं.

कल्पनेत दम होता. पैसे कोणीही कोणाच्याही नावाने भरू शकतो, पण रोज अर्धा तास चरख्यावर बसायचं तर स्वतःच बसावं लागतं. प्रूफ ऑफ वर्क म्हणा ना. पण "किंवा दुसऱ्याचं द्या" या सवलतीने वाट लावली. ज्याच्याकडे पैसे तो सूत विकत घेऊ लागला, म्हणजे वर्गणी पुन्हा पैशातच, फक्त महाग. ज्याच्याकडे ना पैसे ना वेळ तो बाहेर. केळकरांसारख्या टिळकपक्षीयांचा चरख्यावर विश्वास कधीच फारसा नव्हता. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला वर्षभराच्या आत माघार झाली : चार आणे द्या किंवा वर्षाला दोन हजार वार सूत द्या. महिन्याची अट वर्षावर आली आणि चार आणे परतले.

तिसरा मोठा बदल १९३४ च्या मुंबई अधिवेशनातला. सभासद व्हायला चार आणेच, पण समितीच्या निवडणुकीला उभं राहायचं तर खादी आणि श्रमाची अट. म्हणजे दार रुंद आणि जिना अरुंद. आज पक्षांत 'प्राथमिक सदस्य' आणि 'सक्रिय सदस्य' असा जो फरक दिसतो तो याच विचाराचा. प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर आणली, त्यातले १४८९ ग्रामीण भागातून आणि ५११ शहरांतून. दोन वर्षांनी खानदेशात फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते याच वाऱ्यावर.

आणि याच घटनेत एक साधीशी ओळ होती : पाचशे सभासदांमागे एक प्रतिनिधी. दिसायला किती न्याय्य! लोकसंख्या नको, खरे सभासद मोजा. पण पाचशे गुणिले चार आणे म्हणजे एकशेपंचवीस रुपये. ज्याच्याकडे सव्वाशे रुपये आणि कोरं पावती पुस्तक आहे तो घरबसल्या एका प्रतिनिधीपुरती नावं 'तयार' करू शकतो. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, समितीतल्या जागेला भाव आला आणि नोंदणी सुसाट सुटली. १९३६ च्या सुरुवातीला पाच लाखांच्या आत असलेली सभासदसंख्या १९३८-३९ पर्यंत पंचेचाळीस लाखांवर गेली. त्यात खरी माणसं भरपूर होती, लाट खरीच होती. पण खोटी नावंही होती, आणि गांधी 'हरिजन'मधून त्यावर कडक लिहीत होते.

आपण हे रोज बघतो. टेस्ट केसेसची संख्या मोजायला लागलं की टेस्ट केसेस वाढतात, बग तिथेच राहतात.

आता विनोद बघा. हे लिहिणारे गांधी स्वतः १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही नव्हते. नियमाप्रमाणे ते गावच्या समितीलासुद्धा उभे राहू शकत नव्हते. आणि जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी रीतसर अध्यक्ष झाले, तर मार्चमध्ये त्रिपुरीला ठराव आला की कार्यसमिती गांधींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. कोण बरोबर हा वाद मी इथे उकरत नाही, त्यावर वेगळा लेख होईल आणि कमेंट्सची युद्धं वेगळी. माझा मुद्दा एवढाच की खालून वर आलेली मतांची साखळी वरच्या एका माणसाच्या वजनापुढे टिकली नाही. आणि तो माणूस यादीतही नव्हता.

शेवटचं पान १९४८ चं. काँग्रेसमध्ये समाजवाद्यांचा स्वतःचा पक्ष १९३४ पासून होता, आत राहून वेगळी घटना, वेगळी शिस्त. स्वातंत्र्यानंतर नियम आला, पक्षात दुसरा पक्ष चालणार नाही. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवाद्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. इथेही हकालपट्टीचा ठराव नाही. पात्रतेचं एक कलम, बस्स. चाळीस वर्षांपूर्वीचं अलाहाबाद आठवलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं ते असं. सभासदत्वाचे नियम तीनच प्रकारचे असतात : पैसे द्या, घाम द्या, किंवा शब्द द्या. चार आणे, सूत, प्रतिज्ञापत्र. तिन्हींतून पळवाट निघाली, कारण पळवाट दारात नव्हतीच. रजिस्टर कोणाच्या हातात आणि त्यातल्या नावाला नंतर मत मिळतं का, या दोन गोष्टींत ती होती. १९२० चं चार आण्यांचं कलम मोठं ठरलं ते स्वस्त होतं म्हणून नाही. त्या पावतीमागे तालुक्याच्या समितीत एक मत होतं म्हणून. मिस्ड कॉल चार आण्यांपेक्षाही स्वस्त आहे आणि स्वस्त असण्यात काही वाईट नाही. त्याच्या मागे काय आहे एवढंच विचारायला हवं, आणि ते एकाच पक्षाला विचारून भागणार नाही.

रविवारी संध्याकाळी राहवलं नाही म्हणून आमच्या चौकातल्या एका पक्षाच्या (कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच असावं) कार्यालयात गेलो. दोघंजण कॅरम खेळत होते. म्हटलं, सदस्य व्हायचं तर काय करावं लागतं? एक म्हणाला, "नंबर देऊन ठेवा ना साहेब, ग्रुपमध्ये घेतो." म्हटलं, वॉर्डाची समिती कधी निवडतात, मत कोणाला असतं? त्याने स्ट्रायकर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग जरा आपुलकीनेच म्हणाला, "यादी वरून येते. पण तुम्ही बसा की, चहा घ्या. असलं विचारायला कोणी येतच नाही इकडे."

चहा घेतला. त्याचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये. यादी वरून येते हा त्यांचा दोष, मान्य. पण कोणी विचारायला येत नाही, हा? लंच टेबलावर बसून "वरचे ठरवतात" म्हणणाऱ्या आम्हा आठजणांपैकी त्या कार्यालयाची पायरी आजवर कोणी चढलं नव्हतं, आणि ते ऑफिसच्या बसस्टॉपच्या अगदी समोर आहे.

मी अजून कुठल्याच पक्षाचा सदस्य नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे, त्यांच्या पक्षाची घटना मागायला. मिळाली तर इथे लिहीनच.