मोठी अक्षरे, लहान अक्षरे आणि डेटाबेसमधील नावे

रोमन लिपीतील अक्षरांना मोठे आणि लहान अशी दोन रूपे असल्यामुळे, डेटाबेसमधील एखाद्या टेबलाचे नाव एकाने मोठ्या आणि दुसऱ्याने लहान अक्षरांत लिहिले तर ते एकच समजावे की निराळे, हा प्रश्न प्रत्येक प्रणालीला सोडवावा लागला. ऑरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्यांचा उगम तत्त्वविचारापेक्षा त्या प्रणाली ज्या यंत्रांच्या सहवासात घडल्या त्यांत अधिक सापडतो.

1950 च्या दशकात आयबीएमच्या अनेक संगणकांत एका चिन्हासाठी सहा बिट, म्हणजे शून्य किंवा एक दर्शवणारी सहा स्थाने, राखलेली असत. त्यातून 64 च चिन्हे साधतात. 26 मोठी अक्षरे, दहा अंक आणि विरामचिन्हे बसवल्यावर लहान अक्षरांना जागा उरत नसे. 1959 च्या आयबीएम 1403 मुद्रकाच्या साखळीवर तर साधारणपणे 48 च चिन्हे असत. 1963 मध्ये आस्की ही चिन्हसंहिता प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातही लहान अक्षरे नव्हती. ती 1967 च्या आवृत्तीत आली.

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा या परंपरेत वाढली. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये ती ‘सीक्वेल’ या नावाने मांडली. 1979 मध्ये बाजारात आलेल्या ऑरॅकलने आणि पुढे आयबीएमच्याच डीबी2 ने साधी, म्हणजे अवतरणचिन्हांत न घातलेली, नावे मोठ्या अक्षरांत बदलून नोंदवण्याची रीत ठेवली. एसक्यूएलच्या 1986 च्या पहिल्या प्रमाणाने नावांत अक्षरे केवळ मोठी आणि फार तर 18 चिन्हे मान्य केली. 1992 च्या प्रमाणाने लहान अक्षरांना प्रवेश दिला खरा, पण दुहेरी अवतरणचिन्हांत न घातलेले नाव मोठ्या अक्षरांत रूपांतरित झाले असे समजावे आणि अवतरणांतले नाव जसेच्या तसे राखावे, असा नियम घालून जुन्या यंत्रांची मर्यादा कायद्यासारखी टिकवली.

पोस्टग्रेसचा जन्म मात्र निराळ्या घरात झाला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये बर्कले विद्यापीठात हा प्रकल्प हाती घेतला तो युनिक्स या कार्यप्रणालीच्या वातावरणात, जिथे आज्ञा आणि फायलींची नावे लहान अक्षरांत लिहिण्याचीच वहिवाट होती. ही प्रणाली साधी नावे लहान अक्षरांत उतरवते, ती रीत या वहिवाटीशी सुसंगत आहे. प्रमाणाच्या दृष्टीने हे उल्लंघन आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तेच सुसह्य वाटते, हेही मान्य करावे लागते. शिवाय तिच्या अंतर्गत नोंदींच्या टेबलांची नावेही लहान अक्षरांत असल्याने नियम उलटा करणे म्हणजे त्या नावांवर विसंबलेल्या असंख्य प्रोग्रॅमना धक्का देणे होय. मोठ्या अक्षराचे लहान रूप कोणते, हेही भाषेनुसार बदलते: तुर्की लिपीत बिंदू असलेला आणि नसलेला असे दोन ‘आय’ असून त्यांच्या जोड्या इंग्रजीपेक्षा वेगळ्या लागतात. म्हणून मूळ इंग्रजी अक्षरांसाठी पोस्टग्रेस स्थानिक नियम बाजूला ठेवते. देवनागरी नावांना हा प्रश्न पडतच नाही, कारण तिथे मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नाही.

मायएसक्यूएलने निर्णय जणू दुसऱ्यावरच सोपवला. तिच्यात प्रत्येक डेटाबेससाठी एक फोल्डर आणि टेबलासाठी फाइल असल्याने, केवळ मोठ्या-लहान अक्षरांचा फरक असलेल्या नावांची दोन टेबले अक्षरभेद पाळणाऱ्या लिनक्सवर वेगळी ठरतात आणि विंडोजवर तीच एक होतात. स्तंभांच्या नावांत मात्र हा भेद कुठेच पाळला जात नाही. परिणामी विंडोजवर निर्वेध चाललेला प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताच टेबल सापडत नसल्याची तक्रार करू शकतो. त्यावर उपाय म्हणून टेबलांची नावे लहान अक्षरांत साठवण्याची सोय असली, तरी 8.0 या आवृत्तीपासून ही निवड सर्व्हरची प्रथम मांडणी करतानाच करावी लागते आणि नंतर बदलता येत नाही.