रविवार कोणाचा?

धर्म आणि व्यापार यांचा सामना झाला म्हणजे आजच्या काळांत व्यापार जिंकतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्यास अपवाद ठरलेली इंग्लंडांतील एक हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. १९८३ सालीं केंब्रिज येथें ‘ज्युबिली सेंटर’ नांवाचें एक लहानसें ख्रिस्ती अभ्यासमंडळ निघालें. त्याचे संस्थापक मायकेल श्लूटर हे पूर्व आफ्रिकेंत काम केलेले अर्थशास्त्रज्ञ. दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत करावी, अशी बायबलाच्या जुन्या करारांत आज्ञा आहे. तें वर्ष म्हणजे ‘ज्युबिली’. अशा आज्ञांमागील तत्त्व शोधून तें आजच्या कायद्यांना लावून पाहणें, हें या मंडळाचें कार्य.

लौकरच कसोटीची वेळ आली. इंग्लंड व वेल्समध्यें १९५० च्या कायद्यानें रविवारीं बहुतेक व्यापारास बंदी होती. कायदा विसंगत होता खरा. इतर खाद्यगृहांस मुभा. पण तळलेल्या मासळीच्या दुकानानें मात्र तळलेली मासळी विकावयाची नाहीं! थॅचरबाईंच्या सरकारनें हीं सारीं बंधनें काढून टाकण्याचें योजिलें. तेव्हां मंडळानें १९८५ सालीं ‘कीप संडे स्पेशल’ ही चळवळ उभारली. तिच्यांत नाना पंथांचीं चर्चें होतीं, ‘उस्डॉ’ हा दुकानकामगारांचा संघ होता, आणि कांहीं दुकानदारहि होते. एकास उपासना हवी, दुसऱ्यास मुलाबाळांत घालविण्याचा दिवस, तिसऱ्यास स्पर्धेंतून उसंत. विश्रांतीच्या मूळ आज्ञेंतच दास, परका आणि गुरेंढोरें यांचाहि उल्लेख आहे. त्यामुळें कामगारांचा प्रश्न मंडळास परका नव्हता.

१४ एप्रिल १९८६ रोजीं पार्लमेंटांत मतें पडलीं. भरभक्कम बहुमत असलेल्या सरकारचें विधेयक २९६ विरुद्ध २८२ मतांनीं कोसळलें. कारण स्वपक्षाचेच कित्येक सभासद उलटले.

परंतु निरनिराळ्या हेतूंनीं जमलेला मेळा, ज्याचा त्याचा हेतु साधतांच पांगूं लागतो. रविवारचें काम ऐच्छिक राहील व त्याचें जादा वेतन मिळेल, अशीं आश्वासनें मिळाल्यावर कामगार संघानें तडजोड पत्करली. आणि १९९४ च्या कायद्यानें मोठ्या दुकानांस रविवारीं सहा तासांची मुभा मिळाली. यास विश्वासघात म्हणणें अन्यायाचें होईल; संघाचें पहिलें कर्तव्य आपल्या सभासदांशींच असतें. तथापि जादा वेतन ज्याचें त्यास मिळतें. सर्वांनीं एकाच दिवशीं मोकळें असणें, हें कोणत्याहि वेतनानें विकत घेतां येत नाहीं.

हे सहा तास वाढविण्याचा मार्ग खुला करणारा सरकारी बेत २०१६ सालीं ३१७ विरुद्ध २८६ मतांनीं फेटाळला गेला. त्या वेळीं चर्च आणि ‘उस्डॉ’ पुन्हां एकाच बाजूस उभे होते. तत्त्व एकट्यानें शोधतां येतें. तें टिकविण्यास मात्र सोबती लागतात, आणि सोबत्यांचा स्वार्थहि तितक्याच आदरानें समजून घ्यावा लागतो.